शांत माणसाच्या हाती वही, बोलक्याच्या हाती माईक : स्वभाव बघून कामं वाटताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दोन वर्षांपूर्वी हिशोबात ४,५०० रुपयांची तफावत आली. कुणी खाल्ले नव्हते. मांडववाल्याला दिलेली उचल लिहायची राहिली होती आणि फुलवाल्याची दोन बिलं खजिनदाराच्या पँटच्या खिशात धुऊन निघाली होती. हा खजिनदार मी सुचवला होता. का, तर तो शांत होता. मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसायचा, कुणाच्या मध्ये बोलायचा नाही. ऑफिसात आमचं नुकतंच स्वभावप्रकारांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं आणि तो उत्साह माझ्या अंगात होता. ‘अंतर्मुख आहे, म्हणजे बारकाईने काम करणार’ असं ठरवून मी पावतीपुस्तकं त्याच्याकडे सोपवली.

त्याच गणपतीत ज्या वहिनींच्या आवाजाने अख्खा जिना जागा होतो, त्यांनी महाप्रसादाच्या सामानाची यादी किलो-ग्रॅमसकट लिहून काढली होती. उरलेला तांदूळ वाण्याला परत देऊन पैसे आणले, तेही चिठ्ठीसकट. त्यांना आम्ही दिलं होतं माईकवरून सूचना देण्याचं काम.

स्वभाव ओळखणं वाईट नाही. घोळ होतो तो ओळखलेल्या स्वभावावरून थेट कामावर उडी मारताना. तिथे माझ्या आणि माझ्यासारख्या अनेकांच्या ज्या चुका होतात, त्या इथे लिहितो.

३४ नापास, ३५ पास

अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी चलनात आणली कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने, १९२१ साली. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बेतली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. चार जोड्या, त्यातून १६ प्रकार, आणि प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं. आज ऑफिसच्या ट्रेनिंगपासून लग्नाच्या प्रोफाइलपर्यंत ‘मी आयएनटीजे’ वगैरे लिहिलेलं असतं, ते हेच.

यातली गोम दहावीच्या निकालासारखी आहे. ३४ नापास, ३५ पास. एका गुणाचा फरक, पण गुणपत्रिकेवर दोन वेगळ्या जगांतली मुलं. स्वभावाच्या बाबतीत बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यातच असतात. रेघ बरोबर तिथेच मारली, की आज रेघेच्या अलीकडे असलेला माणूस पुढच्या महिन्यात झोप नीट झालेल्या दिवशी पलीकडे निघतो आणि त्याचं अक्षर बदलतं. माणूस तोच असतो. निखळ अंतर्मुख किंवा निखळ बहिर्मुख असं कुणी नसतंच, असा माणूस वेड्यांच्या इस्पितळात सापडेल, असं खुद्द युंगच म्हणाला होता.

चाचणीचा निकाल हाती आला तर अक्षर बघू नका, आकडा बघा. तो मधल्या पट्ट्यात असेल तर त्या अक्षरावर कुठलाही निर्णय टेकवू नका.

‘अगदी माझंच वर्णन आहे!’

१९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांच्या हातातला मजकूर एकच होता आणि तो बहुतेक ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला होता. लोकांनी तुम्हाला मान द्यावा असं तुम्हाला वाटतं, बाहेरून शिस्तीचे दिसलात तरी आतून धाकधूक असते, अशी वाक्यं कुणाला लागू होणार नाहीत? रविवारच्या राशिभविष्याचं भांडवलही तेच.

एक सोपी तपासणी आहे. आपल्या प्रकाराचं म्हणून आलेलं वर्णन आपल्याहून एकदम वेगळ्या माणसाला, नाव न सांगता वाचायला द्या. त्यालाही पटलं, तर त्यावरून कामाची वाटणी होणार नाही.

पाच स्वभावांची एकच पुडी

माझी खरी चूक ही होती, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

‘इंट्रोव्हर्ट’ हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यात पाच वेगवेगळी माणसं कोंबली जातात. मराठीत त्यांना पाच वेगळे शब्द आहेत आणि ते कामाच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहेत. मितभाषी माणूस गरजेपुरतं बोलतो, पण बोलतो. पोलीस चौकीत परवानगीचा अर्ज घेऊन त्याला खुशाल पाठवा. चार शब्दांत काम करून येईल. मुखदुर्बळ माणसाला सगळं ठाऊक असतं, ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. त्याला लिहायचं काम द्या आणि अर्ज त्याच्याकडून तयार करून घ्या. भिडस्त माणूस छान गप्पा मारतो, फक्त ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याला वर्गणीच्या थकबाकीला पाठवलंत तर चहा पिऊन, ‘पुढच्या महिन्यात देतो म्हणाले’ एवढा निरोप घेऊन येईल. घुमा माणूस मनातलं कळूच देत नाही. काम अडलं तरी सांगणार नाही, म्हणून ज्या कामात रोज कळवावं लागतं ते त्याच्याकडे नको. आणि आतल्या गाठीचा, त्याचं तर विचारूच नका.

आता या पाचांपैकी कुणाचाही वहीतल्या नीटनेटकेपणाशी काही संबंध आहे का? अजिबात नाही. मितभाषी माणूस वेंधळा असू शकतो आणि बोलघेवडी बाई पै-पैचा हिशोब ठेवणारी असू शकते. अभ्यासकांनीही असेच स्वभावाचे शब्द वेगवेगळे केले. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचून काढले. पुढे अशा शब्दांची चाळणी करत करत इतर संशोधक पाच गुणांवर येऊन थांबले : नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि मन चटकन काळजीत पडणं. यातली प्रत्येक पट्टी वेगळी मोजायची असते. एका पट्टीवरून दुसरीचा अंदाज बांधला, की पँटच्या खिशात बिलं धुतली जातात.

१९९१ साली बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी केली. त्यांनी तपासलेल्या सर्व प्रकारच्या नोकऱ्यांमध्ये चांगल्या कामाशी जुळणारा एकच गुण निघाला, काटेकोरपणा. बहिर्मुखतेचा उपयोग विक्री आणि व्यवस्थापन अशा लोकांत वावरायच्या कामांपुरता दिसला.

काटेकोरपणा ओळखायला चाचणी लागत नाही. ५०० रुपये देऊन चहाचं सामान आणायला सांगा. बिल आणि उरलेले पैसे त्याच संध्याकाळी न मागता आले, तर वही द्या. ‘अरे हो, विसरलोच’ आलं, तर दुसरं काम शोधा. मी हे नंतर शिकलो.

बोलका आहे, पाठवा वसुलीला

याच चुकीची दुसरी बाजू. जो जास्त बोलतो तो जास्त विकतो, ही दुकानापासून कॉल सेंटरपर्यंतची समजूत. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांनी फोनवरून विक्री करणाऱ्या तीनशेहून अधिक लोकांचे आकडे तपासले. सर्वांत जास्त कमाई मधल्या पट्ट्यातल्यांनी केली होती. अति बोलके मागे पडले, अति अबोलही मागे पडले. कारण ओळखीचं आहे. गिऱ्हाईक काय म्हणतंय हे ऐकण्यासाठी आपलं तोंड बंद असावं लागतं. साड्यांच्या दुकानात गादीवर बसलेला जुना सेल्समन बघा. दहा साड्या उलगडतो, बोलतो थोडंच, आणि बाईची नजर कुठल्या काठावर थांबली हे बरोबर टिपतो.

मीटिंगमधला मुका, कॅन्टीनमधला शाहीर

आमच्या ऑफिसात एक मुलगा आला, सांगलीकडचा. मीटिंगला तोंड उघडायचा नाही. वार्षिक मूल्यमापनात त्याच्या नावापुढे ‘अंतर्मुख, पुढाकार घेत नाही’ असं लिहिलं गेलं. हाच मुलगा कॅन्टीनमध्ये टेबल वाजवून किस्से सांगायचा आणि आठ माणसं हसून लोळायची. मीटिंग इंग्रजीत चालायची आणि कॅन्टीन मराठीत, एवढाच फरक. पुढे नव्या टीम लीडने ‘ज्याला जसं जमेल तसं बोला’ अशी सूट दिली. पहिल्याच आठवड्यात त्याने सर्व्हरच्या बॅकअपमधली चूक सगळ्यांसमोर दाखवून दिली.

प्रसंगाचा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलायची आपल्याला खोड असते. स्वतः उशीर केला तर ट्रॅफिक, दुसऱ्याने केला तर आळशी. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या खोडीला नावही दिलं. शिक्का मारण्याआधी त्या माणसाला निदान तीन वेगळ्या ठिकाणी बघा : साहेब असताना, साहेब नसताना, आणि त्याच्या आवडीच्या विषयावर.

‘ती जबाबदार आहे ना!’

घरात स्वभावप्रकारांची चाचणी कुणी घेत नाही, पण शिक्के लहानपणीच बसतात. थोरली समजूतदार, धाकटा हूड. मग चाळिशीतही आईच्या दवाखान्याच्या फाइली थोरलीकडेच, कारण ‘तिला जमतं’. धाकट्याला वगळलं जातं, कारण ‘तो तसाच आहे, त्याच्या डोक्यात राहत नाही’. हाच धाकटा क्रिकेटच्या ग्रुपची वर्गणी, मैदानाचं बुकिंग आणि बारा जणांच्या टी-शर्टची मापं मात्र डोक्यात ठेवतो. इथे स्वभाव ही सबब झालेली असते. जिला जमतं तिच्यावर काम ओतलं जातं, आणि ते काम करून करूनच तिला अधिक जमायला लागतं.

तसं पाहिलं तर माणूस स्वभावाच्या विरुद्ध भूमिकाही निभावतो. ब्रायन लिटल हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कमालीचे अंतर्मुख, पण वर्गात रंगून शिकवणारे. एका लष्करी कॉलेजात व्याख्यान झालं की जेवणाच्या सुट्टीत ते नदीकाठी एकटेच फिरायचे आणि पुढे पुढे तर लोक टाळायला स्वच्छतागृहात जाऊन बसायचे. ज्या कामाची मनापासून चाड असते त्यासाठी माणूस आपला स्वभाव ताणतो, असं त्यांचं म्हणणं. पण ताणल्यानंतर उसंत हवी. तुमची सून, बहीण किंवा बायको चार दिवस पाहुण्यांत हसतमुख वावरली आणि पाचव्या दिवशी खोलीचं दार लावून बसली, तर ‘काय झालं, राग आला का?’ विचारत दार वाजवू नका. चहा बाहेर ठेवा.

नोकरीवर घेताना

थोडक्यात सांगतो. मायर्स-ब्रिग्ज चाचणीमागची मंडळी स्वतःच म्हणतात, की भरतीसाठी ती वापरू नका. तरी कुणी ‘आम्हाला अमुक अक्षरांचाच उमेदवार हवा’ म्हणत असेल, तर त्याने सूचनापत्रक वाचलेलं नाही. मुलांच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. दहावीच्या कल चाचणीत आवड मोजली जायची. आवड वेगळी, स्वभाव वेगळा, कसब वेगळं. चित्रं आवडणारा मुलगा अबोल असेलच असं नाही, आणि तो चांगली चित्रं काढतो असंही नाही.

वाटणी आधीच चुकली असेल तर

काम अडलं की पहिला संशय स्वभावावर घेऊ नका. आधी विचारा : काम नीट समजावलं होतं का, वेळ होता का, ते करायला येतं का. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं इथेच मिटतात. आमच्या खजिनदाराला तर कुणी उचल आणि खर्च वेगळे लिहायला सांगितलंच नव्हतं. वहीत रकानाच एक होता.

तरीही जमत नसेल तर अख्खी जबाबदारी काढून घेऊ नका, तिचा तुकडा बदला. पैसे घेणारा आणि लिहिणारा वेगळा केला, तरी पुष्कळ फरक पडतो. आणि ‘हा तुझा पिंडच नाही’ असं चारचौघांत म्हणू नका. ते वाक्य माणूस वीस वर्षं विसरत नाही. ‘बिलं लिहायची राहतात, ती दुसऱ्या कुणाकडे देऊ का?’ एवढं एकट्याला विचारलं तरी बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात.

आमच्या त्या शांत माणसानेही सोडला. गेल्या वर्षी वही वहिनींकडे गेली. विसर्जनाच्या रात्री मिरवणूक चौकात अडकली, ट्रॅक्टर बंद पडला, पोरं एकमेकांवर खेकसू लागली. तेव्हा हा बाबा एक शब्द न बोलता खाली वाकला, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि हात पँटला पुसत पुन्हा मागे जाऊन उभा राहिला. वहिनींनी जागेवरच वहीत लिहिलं : मेकॅनिक, ० रुपये.