नागपूरहून पावसाळ्यात चिखलदरा: गाडी, मुक्काम आणि धुकं

चिखलदऱ्याला जायचं तर शनिवार-रविवार टाळाच. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा विदर्भ याच दोन दिवसांत वर चढतो. मग घाटातल्या अरुंद वळणांवर समोरासमोर गाड्या अडकतात आणि खोल्यांचे भावही चढतात. मंगळवार-बुधवार उत्तम.

नागपूर ते अमरावती सुमारे १५५ किलोमीटर, पुढे परतवाडा ५०, त्यानंतर तीसेक किलोमीटरचा घाट. पहाटे पाचला निघालात तर दहा-अकरापर्यंत पोचाल. पेट्रोल, टायरची हवा आणि रोख पैसे परतवाड्यातच बघून घ्या. वर नेटवर्क गेलं की ऑनलाइन पेमेंट अडकतं.

घाटात खरी परीक्षा उतरताना होते. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड सुटते. म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, ब्रेक थोडा थोडा मारा. न्यूट्रल कधीच नाही. धुक्यात हाय बीम लावू नका, उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो. लो बीम ठेवा, काच आतून धुरकटली तर एसीची हवा काचेवर सोडा.

देवी पॉइंट, भीमकुंड धुकं विरळ असेल तेव्हा लगेच उरका. शक्कर तलाव नंतरही चालतो. कठड्याबाहेरच्या शेवाळलेल्या दगडावर पाय टाकू नका.

गवळ्यांच्या दुधाचा खवा, रबडी तिथल्याच दुकानातून घ्या. इथली बरीच घरं या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढतात. प्लास्टिक मात्र पिशवीत भरून खाली आणा. हे मेळघाटचं जंगल आहे, सांबरं ते खातात.