मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळतंय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

रात्रभर उभ्या गाडीखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध काळपट चिकट डाग पडला असेल आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येत असेल, तर ते गिअर ऑइल आहे. बोलेरो, सुमो, ईको, छोटा हत्ती या गाड्यांमध्ये जोर मागच्या चाकांना मिळतो, म्हणून डिफरन्शियलही (तो जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा संच) मागे असतं. अल्टो किंवा स्विफ्टमध्ये ते पुढे गिअरबॉक्सच्या आतच असतं. अशा गाडीच्या मागे डाग दिसला तर ब्रेक ऑइल किंवा पेट्रोलची लाइन तपासा.

गळती दिसली की बहुतेकजण थेट सील, म्हणजे फिरत्या भागाभोवती तेल अडवणारी रबरी कडी, बदलून घेतात, आणि काही आठवड्यांत तेच सील पुन्हा पाझरू लागतं. आपल्या भागात याचं मोठं कारण म्हणजे ब्रीदर. एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला ही छोटी टोपी असते. काही गाड्यांत तिथून रबरी नळी वर चेसिसपर्यंत नेलेली असते. गाडी चालताना आतलं तेल आणि हवा तापते, आणि फुगलेली हवा इथून बाहेर पडते. पावसाळ्यात पांदणीतून वावरापर्यंत गेलात की काळ्या मातीचा चिखल त्या टोपीवर बसतो आणि वाळून घट्ट होतो. मग दाब आत साचतो आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर ढकलतो. दिवाळीनंतर कापसाचं ओझं आणि पुढे 45 अंशांचा उन्हाळा आला की हा दाब आणखी वाढतो. उलटंही घडतं: तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून आधी टोपी डिझेलने धुवा, ती बोटाने हलते का बघा, नळी असेल तर सोडवून फुंकर मारा.

मग सगळं हाउसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) डिझेल आणि ब्रशने स्वच्छ करा, पुसून कोरडं करा आणि गाडी थोडी चालवून आणा. ओल पुढच्या टोकाला, म्हणजे जिथे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब फिरता दांडा) जोडलेला असतो तिथे दिसली, तर पिनियन सील गेलंय. शाफ्ट जिला जोडलेला असतो ती फिरणारी चकती, म्हणजे फ्लँज, तेल उडवते, त्यामुळे वर बॉडीच्या तळालाही त्याचे शिंतोडे दिसतील. मागच्या झाकणाच्या कडेला दिसली तर पॅकिंग. चाकाच्या आतल्या बाजूला दिसली तर एक्सल सील. यात गाडी चालवणं थांबवा, कारण तेल ब्रेक शूवर जातं.

झाकणाचं काम घरी जमण्यासारखं आहे. गाडी सपाट, कठीण जागेवर लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग नसतो. एक्सलखाली स्टँड ठेवा. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, वीट अचानक फुटते.

आधी वरचा फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) सैल करा. तो निघतच नसेल आणि तेल आधीच सांडून ठेवलं असेल, तर गाडी तिथेच अडकेल. मग ड्रेन प्लग काढून कोमट तेल परातीत घ्या. प्लगच्या चुंबकावर बारीक करडी भुकटी असेल तर चिंता नाही. धातूचे तुकडे निघाले, तर क्राउन-पिनियन (आतले दोन मुख्य गिअर) उघडून बघावं लागेल. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

बोल्ट सोडवताना वरचे दोन शेवटपर्यंत ठेवा, म्हणजे झाकण पायावर पडणार नाही. जुनं पॅकिंग दोन्ही बाजूंनी खरवडा, पण धातूवर ओरखडा येऊ देऊ नका. नवं पॅकिंग किंवा सिलिकॉन सीलंट लावा. सीलंटची सलग रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढायची. बोल्ट हाताने बसवून समोरासमोरच्या क्रमाने कसा, आणि सीलंटच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा.

पिनियन सीलला मात्र सरावलेला हात हवा. मधला नट बेअरिंगवर ठरावीक ताण देतो. तो जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, कमी आवळला तर गाडी कण्हायला लागते. मेकॅनिककडे देताना इतकं सांगा: शाफ्ट, फ्लँज आणि नटवर आधी रंगाची खूण करा, आणि सील जिथे घासतं त्या जागी फ्लँजवर नखाला लागेल अशी खाच असेल तर फ्लँजही बदला, नाहीतर नवं सीलसुद्धा गळेल. नव्या सीलच्या ओठाला थोडं तेल लावूनच बसवायचं. एक्सल सील बदललं तर तेलात भिजलेले ब्रेक शू धुऊन परत लावू नका, नवे घ्या.

तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच भरा. लॉकिंग डिफरन्शियल (चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) असेल तर हे आणखी काटेकोर पाळा. गाडी समतल उभी करून फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल येईल इतकं घाला. करंगळी वाकवून आत घातली तर टोकाला तेल लागलं पाहिजे. प्लग कसून गाडी फिरवा आणि दोन दिवसांनी पुन्हा खाली वाकून बघा.

निघालेलं तेल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते कॅनमध्ये साठवा आणि जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.