दीर्घिकेकडे सगळ्यात शेवटी बघा: अतिनील वर्णपटांसोबतची माझी पहिली दोन वर्षं

हबल दुर्बिणीवरच्या ‘कॉस’ या वर्णपटमापकाचा डेटा मी पहिल्यांदा हाताळला, तेव्हा माझ्या दीर्घिकेतल्या झाडून सगळ्या शोषणरेषा (वायूने प्रकाश शोषल्यामुळे वर्णपटात पडणाऱ्या गडद रेषा) निळ्या बाजूला सरकलेल्या दिसल्या. सिलिकॉन, कार्बन, ॲल्युमिनियम, सगळ्यांचा वेग सेकंदाला साधारण 83 किलोमीटर, आपल्या दिशेने. जोमाने तारे जन्मत असलेल्या दीर्घिकेत हे अपेक्षितच असतं. तरुण ताऱ्यांचे वारे आणि अतिनवताऱ्यांचे स्फोट वायू बाहेर ढकलतात, आणि 83 हा आकडाही पटण्यासारखा होता. त्या बहिर्वाहावर मी तीन आठवडे आकृत्या काढल्या. मग मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “रेडशिफ्ट कुठून आणलीस?”

रेडशिफ्ट म्हणजे दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी किती प्रमाणात वाढली ते; दिसलेल्या तरंगलांबीला मूळ तरंगलांबीने भागून ती मिळते. ती मी स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या दृश्य वर्णपटातल्या हायड्रोजन-अल्फा रेषेवरून काढली होती. स्लोनच्या तरंगलांब्या निर्वातातल्या असतात. निर्वातात ही रेषा 6564.61 अँगस्ट्रॉमवर येते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). मी भागाकारात घातली होती 6562.80, म्हणजे हवेतली किंमत. फरक 1.81 अँगस्ट्रॉमचा, आणि त्याचे सेकंदाला 83 किलोमीटर होतात. अतिनील रेषांच्या तरंगलांब्या निर्वातातल्याच असल्यामुळे माझा अख्खा वर्णपट तेवढाच सरकला होता.

खूण डोळ्यांसमोर होती. 1501.76 अँगस्ट्रॉमची चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची रेषा तप्त ताऱ्यांच्या पृष्ठभागावर तयार होते, तिचा बाहेर पडणाऱ्या वायूशी संबंध नाही. तीसुद्धा 83 नेच सरकली होती. तारे काही दीर्घिका सोडून निघालेले नव्हते! तेव्हापासून कुठलाही वर्णपट हातात आला की वेग मोजण्याआधी मी ही रेषा शोधते. ती फिकट असते, नेहमी सापडेलच असं नाही, पण सापडली तर तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मला मुख्य सांगायचंय ते हे: वर्णपटात दीर्घिकेचं नसलेलं बरंच काही असतं. आपल्या वातावरणाचा प्रकाश, आकाशगंगेतला वायू, तिची धूळ, शोधकाचे डाग, आणि आपण स्वतः घातलेले आकडे. हे सगळं ओळखून बाजूला काढल्याशिवाय दीर्घिकेबद्दल काही बोलायला जाऊ नका.

सुरुवात वातावरणापासून करा. हबल सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर असली तरी पृथ्वीभोवतीचा विरळ हायड्रोजन आणि ऑक्सिजन तिथेही चमकतो. 1215.67 ला एक फुगीर टेकडी दिसते, ती बहुतेक वेळा आपलीच असते. फारच जवळच्या दीर्घिकांची लायमन-अल्फा ही हायड्रोजनची रेषा तिच्याखाली दबून जाते. 1302 ते 1306 मधल्या ऑक्सिजनच्या रेषांवर मात्र इलाज आहे. कॉर-टॅग फाइलमध्ये प्रत्येक फोटॉनची वेळ असते, आणि सोबतच्या कालतक्त्यात त्या क्षणी सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर होता तेही असतं. सूर्य वर असतानाचे फोटॉन गाळून कॅलकॉस ही कच्च्या डेटापासून वर्णपट बनवणारी पाइपलाइन पुन्हा चालवा. निरीक्षणाचा वेळ घटतो, गोंगाट वाढतो, पण ऑक्सिजनची ती झळाळी जवळपास विरते. मी दोन्ही वर्णपट एकावर एक ठेवून पाहिले तेव्हा 1304 जवळचा उंचवटा गायब झालेला दिसला, आणि पाइपलाइन हे निव्वळ बटण नाही हे त्या दिवशी उमगलं.

आकाशगंगेच्या रेषांनी माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला. दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना आपल्याच आकाशगंगेच्या वायूतून येतो, त्यामुळे 1260.42, 1302.17, 1334.53, 1526.71, 1670.79 या जागी शून्य वेगाजवळ तिच्या शोषणरेषा असतातच. माझ्या दीर्घिकेची रेडशिफ्ट 0.0249 च्या आसपास होती. आता 1302.17 ला 1.0249 ने गुणून बघा: 1334.6. म्हणजे दीर्घिकेतला ऑक्सिजन आणि आकाशगंगेतला कार्बन (1334.53) नेमके एकाच जागी! ती रेषा इतकी खोल दिसत होती की मी दीर्घिकेत भरपूर ऑक्सिजन असल्याचं वहीत लिहूनही टाकलं होतं. ते खोडावं लागलं. म्हणून मोजमापाआधी दोन रंगांत उभ्या रेघा आखा, एका रंगात आकाशगंगेच्या आणि दुसऱ्या रंगात दीर्घिकेच्या. जिथे रेघा भिडतात तिथली रेषा सोडून द्या. सिलिकॉनची 1526.71 माझ्या दीर्घिकेत 1564.7 ला मोकळी सापडली, पुढचं सगळं काम मी तिच्यावर केलं.

धुळीबाबत क्रम महत्त्वाचा आहे. आकाशगंगेची धूळ आपल्याजवळ आहे, तेव्हा तिची दुरुस्ती निरीक्षित तरंगलांब्यांवर, वर्णपट रेडशिफ्टने मागे आणण्याआधी करायची. दृश्य प्रकाशात किरकोळ वाटणारी धूळ इथे किरकोळ नसते. निळ्या (बी) आणि दृश्य (व्ही) पट्ट्यांमधली रंगवाढ, म्हणजे धुळीमुळे प्रकाश किती लालसर झाला त्याचं माप, फक्त 0.05 असली तरी 1300 अँगस्ट्रॉमजवळ प्रकाश साधारण दीडपट कमी पोचतो. दीर्घिकेच्या आतली धूळ हा वेगळा आणि बराच कठीण विषय आहे, पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका.

शोधकाबद्दल थोडक्यात. कॉस 2009 मध्ये बसवला गेला, आणि सतत प्रकाश पडून शोधकाची झीज होते म्हणून त्यावरची वर्णपटाची जागा 2012, 2015, 2017, 2021 आणि 2022 मध्ये बदलली. एकाच दीर्घिकेची वेगवेगळ्या वर्षांतली निरीक्षणं जोडताना प्रत्येकाचे गुणवत्ता-ध्वज (सदोष पिक्सेलवरच्या खुणा) तपासा आणि तरंगलांब्या आधी जुळवून घ्या. जोडताना एक चूक हमखास होते: त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार देणं. फोटॉन मोजकेच असतील तर योगायोगाने कमी फोटॉन पडलेल्या पिक्सेलची त्रुटीही कमी दिसते, त्याला जास्त भार मिळतो आणि सरासरी खाली ओढली जाते. शोषणरेषेचा तळ आहे त्याहून खोल वाटू लागतो. त्यापेक्षा फोटॉन आणि निरीक्षणाचा वेळ वेगवेगळे बेरीज करा, भागाकार शेवटी.

सरावासाठी ‘क्लासी’ सर्वेक्षण घ्या. डॅनिएल बर्ग यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रकल्पात 45 जवळच्या दीर्घिकांचे कॉस वर्णपट आहेत, आणि हबलचा डेटा जपणाऱ्या मास्ट संग्रहात कच्च्या फाइल्स आणि जोडून तयार झालेले वर्णपट दोन्ही खुले आहेत. एक दीर्घिका निवडा, कच्च्या फाइल्सपासून स्वतः वर्णपट तयार करा, मग त्यांच्याशी ताडून बघा. फरक दिसेल तिथे थांबून कारण शोधा. मी या कामात शिकले त्यातलं निम्मं अशा फरकांमागे लागूनच शिकले.

माझ्या दीर्घिकेचं पुढे असं झालं. रेडशिफ्ट सुधारल्यावर गंधकाची रेषा शून्यावर बसली, 1526 च्या रेषेचा तळही शून्याजवळ आला. पण तिची निळी कड सरळ वर चढत नव्हती, सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या पलीकडपर्यंत हळूहळू पसरत गेली होती. पुन्हा फसायचं नव्हतं. कॉसचं छिद्र अडीच आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), त्यात दीर्घिका पसरलेली असली की रेषाही पसरट होतात. म्हणून मी आकाशगंगेची 1526.71 ची रेषा शेजारी ठेवली. तिच्यातून आलेला प्रकाशही त्याच पसरलेल्या दीर्घिकेचा, त्यामुळे उपकरणामुळे येणारा पसरटपणा दोघींत सारखाच असायला हवा. आकाशगंगेच्या रेषेच्या दोन्ही कडा सारख्या होत्या. दीर्घिकेच्या रेषेची निळी कड मात्र लांबच राहिली. तो बहिर्वाह खरा होता, आणि त्यावर काढलेली पहिली आकृती अजून माझ्या टेबलासमोर लावलेली आहे.