मुरमाच्या उभ्या चढावर मोटरसायकल चढवताना

मुंबईहून पहाटे निघून कर्जत किंवा मुरबाडकडच्या कच्च्या वाटांवर गाडी नेणाऱ्या नवख्या चालकाने पहिल्या उभ्या चढाच्या पायथ्याशी थांबावे आणि तो चढ आधी पायी चढून पाहावा. मुरूम कोठे सुटा आहे, पावसाच्या पाण्याने चर कोठे पाडला आहे आणि माथ्यापलीकडे वाट आहे की कडा, हे खालून दिसत नाही.

लागणारा वेग पायथ्याशीच घ्यावा. बहुतेक चढांना दुसरा गिअर पुरतो. पहिल्या गिअरमध्ये मागचे चाक जागीच फिरून माती उकरते, आणि चढाच्या मध्यावर गिअर बदलू गेल्यास घेतलेली गती क्षणात संपते. फूटपेगवर उभे राहून गुडघ्यांनी टाकी हलकी धरावी, कोपर बाहेर काढून छाती हँडलच्या वर आणावी. पुढचे चाक उचलू लागले तर आणखी पुढे झुकावे आणि मागचे घसरू लागले तर कंबर किंचित मागे न्यावी. थ्रॉटल एकसारखा ठेवावा, नजर माथ्यावर असावी.

खरी परीक्षा गाडी मध्येच बंद पडल्यावर होते, आणि याचा सराव फारच थोडे लोक करतात, याचे मला वाईट वाटते. अशा वेळी बहुतेकांचा हात पुढच्या ब्रेककडे जातो. पण चढावर वजन मागच्या चाकावर असल्याने पुढचे चाक ब्रेक लागूनही घसरत राहते. म्हणून गाडी गिअरमध्येच ठेवून क्लच पूर्ण सोडावा, म्हणजे बंद इंजिनच मागचे चाक रोखून धरते. मग डाव्या बाजूला उतरून हँडल पूर्ण डावीकडे वळवावे आणि क्लच थोडा थोडा दाबत गाडी मागे सरकू द्यावी. ती चढाला आडवी होते, तिचे तोंड उजवीकडे येते आणि चालक वरच्या अंगाला राहतो. या सगळ्या वेळी गाडी आपल्याकडेच कलती ठेवावी, कारण उताराच्या बाजूला कललेली गाडी एका माणसाला सावरत नाही. त्यानंतर हँडल उजवीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये सावकाश खाली यावे.

दुसऱ्या प्रयत्नात मात्र तीच रेघ धरू नये; आपल्याच चाकाने तिथला मुरूम सुटा केलेला असतो, तेव्हा हातभर बाजूची घट्ट जमीन निवडावी.