१६२ मॅच, सहा महिने: बेसबॉल सीझन फॉलो कसा करायचा

दरवर्षी मार्च संपत आला की कोणीतरी विचारतंच, सिॲटलला येऊन दोन वर्षं झाली, ऑफिसात सगळे मरिनर्स मरिनर्स करतात (इथली बेसबॉल टीम), बेसबॉल बघायला सुरुवात कुठून करू? रूल्सचे व्हिडिओ ढीगभर आहेत, बघा, तासाभरात जुजबी कळतात. खरी अवघड गोष्ट आहे तो सीझन. आपल्याला क्रिकेटची सवय, मॅच असली की सगळं सोडून टीव्हीसमोर बसायचं, आणि इथे तसं बसलात तर मे महिन्यात घरचे हाकलून देतील, कारण एका टीमच्या १६२ मॅच असतात, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ रोज. ही सणाची पुरणपोळी नाही, रोजचा वरणभात आहे, तसाच खायचा.

पहिलं म्हणजे एकच टीम धरा. मेजर लीगमधे (एमएलबी) ३० टीम आहेत, सगळ्यांकडे बघत बसलात तर एकही कळणार नाही. जिथे राहता तिथली धरा, भारतात असाल तर वेळ बघून धरा. सिॲटलची संध्याकाळी ६:४० ची मॅच पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ७:१० ला सुरू होते, म्हणजे चहाला. न्यूयॉर्कची ७:०५ ची मॅच तुमच्याकडे पहाटे ४:३५ ला, ती रोज बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. पश्चिम किनाऱ्याची टीम घ्या, सुखी रहाल. म्हणजे झोपेच्या बाबतीत. बाकी मरिनर्स घेतलेत तर सुखाची गॅरंटी नाही, ३० टीमपैकी एकदाही वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, न पोचलेली ही एकमेव टीम. २००१ ला ११६ मॅच जिंकून रेकॉर्डशी बरोबरी केली आणि तरी पोचले नाहीत, त्यानंतर २१ वर्षं प्लेऑफच (सीझननंतरची बाद फेरी) नाही.

आता रोज बघायचं कसं, तर बघायचं नाही, ऐकायचं. बेसबॉल हा मुळात रेडिओचा खेळ आहे असं माझं ठाम मत आहे, वाद घालू नका. दोन पिचच्या मधे (आपला बोलर तो इथे पिचर, त्याने टाकलेला बॉल म्हणजे पिच) इतकी जागा असते की कॉमेंटेटर गप्पा मारत बसतो, तुम्ही भांडी लावता, पोळ्या लाटता, आवाज चढला की हात थांबतात. सिॲटलच्या लोकांना डेव्ह नीहॉस १९७७ पासून २०१० पर्यंत ऐकू आला, अजून लोक त्याच्या आवाजाची आठवण काढतात आणि स्टेडियममधे त्याचा पुतळा आहे, चक्क कॉमेंटेटरचा, यावरून काय ते समजा. टीव्हीचं सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी एक नक्की तपासा, ब्लॅकआउट. लोकल टीमच्या मॅच नेहमीच्या पॅकमधे दिसत नाहीत, वेगळा पॅक लागतो, मी पहिल्या वर्षी अख्ख्या सीझनचे पैसे भरून बसलो आणि पहिल्याच मॅचला काळा स्क्रीन. रेडिओ फीडला ती भानगड नाही. आणि काहीच नाही जमलं तर सकाळी एमएलबीच्या यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स फुकट असतात.

हिशोब मॅचचा नाही, सिरीजचा ठेवायचा. एका गावात जाऊन सहसा तीन मॅच लागोपाठ खेळतात, तीनात दोन जिंकल्या की झालं. जी टीम १०० मॅच जिंकते तिला आपण भारी म्हणतो आणि ती ६२ वेळा हरलेली असते, त्यामुळे मंगळवारी ९-१ हरले म्हणून डोक्याला हात लावायचा नाही, बुधवारी परत आहेच.

माझे बाबा २०२४ ला एप्रिलमधे आले सहा महिन्यांसाठी. इथल्या मराठी लोकांना माहितीये हा प्रकार, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येतात, पहिले तीन आठवडे नायगारा वगैरे, मग दिवसभर घरात काय करायचं हा प्रश्न. गंमत म्हणजे व्हिसाचे सहा महिने आणि बेसबॉलचे सहा महिने अगदी एकावर एक बसतात. पहिल्या दिवशी बाबांचा प्रश्न, एवढा लांब मारला तर रन का नाही? मी म्हटलं, फाउल आहे, बॉल रेषेबाहेर गेला. "मग आउट?" नाही. "मग काय?" स्ट्राइक धरतात, तीन झाल्या की आउट, पण दोन स्ट्राइक झालेल्या असल्या की फाउलची तिसरी धरत नाहीत (बंट, म्हणजे नुसती बॅट टेकवलेला फटका, सोडून). यावर ते पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले की हा बॅटर मुद्दामच फाउल मारतोय, पिचरला दमवतोय. मला हे कळायला दोन वर्षं लागलेली!

सांगायचं हे की क्रिकेटवाल्याने बॅटरकडे बघायचं बंद करून पिचरकडे बघायला शिकलं पाहिजे. रोज टीम तीच, पण सुरुवात करणारा पिचर वेगळा, साधारण पाच जण आळीपाळीने टाकतात. म्हणून मॅचच्या दिवशी पहिल्यांदा ॲपमधे आज दोन्हीकडून कोण टाकतोय ते बघायचं, आवडता असेल तर ती मॅच बसून बघा, नसेल तर रेडिओ. एक माणूस धरला की पाच दिवसांनी तो परत येतो, तुमचाही आठवडा त्यावर चालायला लागतो. आणि बॅटिंग ॲव्हरेज बघून हसू नका, .३०० म्हणजे दहात तीनदा हिट (मारून सुखरूप बेसवर पोचणं), आणि तेवढ्यावर माणूस स्टार होतो.

ज्याला खरंच खेळ कळून घ्यायचाय त्याने मॅच वहीत लिहून काढावी. स्कोअरकार्ड छापील मिळतं पण बाबांनी फुलस्केप वहीत पट्टीने चौकटी आखल्या, डावीकडे नऊ बॅटर, वर नऊ इनिंग. फील्डरना नंबर असतात, हे जर्सीचे नंबर नाहीत, जागेचे: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मधे उभा राहतो आणि तरी तो ६, हे सगळ्यांनाच खटकतं, पाठ करा आणि सोडून द्या. बॉल शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने सेकंडला दिला, तिथून फर्स्टला, दोन आउट, तर लिहायचं ६-४-३. सेंटरला सरळ कॅच गेला तर एफ ८. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) म्हणजे के, आणि बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर के उलटा काढायचा, आरशातल्यासारखा. बाबांना हा उलटा के फार आवडला, बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस, म्हणाले ही तर किर्द आहे. तेच आहे. एका हाफ इनिंगला (एका टीमची पाळी, तीन आउटपर्यंत) के, मग एक हिट, मग ६-४-३, एवढं लिहिलं की दहा मिनिटांचा खेळ चार अक्षरात बसतो आणि सहा महिन्यांनी वाचला तरी डोळ्यासमोर येतो. सगळ्या मॅच लिहू नका, आठवड्यातून एक पुरे.

एक-दोन नवीन गोष्टी, जुने व्हिडिओ बघाल तर गोंधळ होईल म्हणून. २०२३ पासून पिच क्लॉक आलं, बेसवर कोणी नसेल तर पिचरला १५ सेकंद, असेल तर आता १८, त्यामुळे मॅच साधारण २ तास ४० मिनिटांत आटपते. नऊ इनिंग बरोबरीत सुटल्या तर दहाव्यापासून सेकंड बेसवर एक रनर आयता उभा करतात (मला अजिबात पटत नाही, प्लेऑफमधे करत नाहीत तेवढं बरं). आणि २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर (न मारलेली पिच ठरलेल्या चौकोनातून गेली की नाही) चॅलेंज, आपल्या डीआरएससारखं, टीमला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं, बॅटर किंवा पिचर किंवा कॅचरने लगेच डोक्यावर थाप मारून मागायचं, डगआउटकडे (टीमच्या बाकाकडे) बघून विचारत बसायचं नाही.

पॉइंट्स टेबल, इथे स्टँडिंग्ज म्हणतात, ते मे संपेपर्यंत उघडू नका. खरंच. आणि उघडल्यावर जूनमधे गणितं करू नका. २०२४ ला १८ जूनला मरिनर्स डिव्हिजनमधे (पाच टीमचा गट) १० गेमने पुढे होते, बाबांनी ऑक्टोबरच्या रिटर्न तिकिटाची तारीख पुढे ढकलता येते का ते विचारलं, आणि महिन्याभरात ती सगळी लीड गेली, ह्यूस्टनने गाठलं. ऑगस्टमधे मॅनेजर बदलला. शेवटी ८५-७७, प्लेऑफ हुकली एका गेमने. त्याच्या आदल्या वर्षी पण एकाच गेमने. म्हणजे एप्रिलमधली ती थंडीतली मंगळवारची मॅच, जी आपण जाऊदे म्हणून सोडून दिली, तीच. हे दोन्ही एकदम डोक्यात ठेवायचं, एका मॅचने काही होत नाही आणि एका मॅचनेच सगळं होतं, आणि हे जमलं की तुम्ही फॅन झालात.

मेजर लीगच्या आत दोन लीग आहेत, प्लेऑफला प्रत्येक लीगमधून सहा जातात, तीन डिव्हिजन विनर आणि तीन वाइल्ड कार्ड (उरलेल्यांतल्या सगळ्यात पुढच्या). सप्टेंबरमधे मॅजिक नंबर ऐकू येईल, म्हणजे पहिला नंबर पक्का व्हायला अजून किती लागतात, त्याचं गणित सोपं: १६३ मधून आपल्या जिंकलेल्या वजा, दुसऱ्या नंबरच्या टीमच्या हरलेल्या वजा. आपल्या ८६, त्यांच्या हार ७०, तर ७ राहिले. आपण जिंकलो की एक कमी, ते हरले की एक कमी, फ्रीजवर लिहून ठेवायचं. बाकी कॅलेंडरमधे जुलैच्या मध्याला ऑल-स्टारची सुट्टी (तेव्हा ट्रिपला जा) आणि साधारण जुलैअखेर ट्रेड डेडलाइन, त्या आठवड्यात तुमचा आवडता प्लेअर दुसरीकडे जाऊ शकतो, जर्सी घ्यायची असेल तर त्यानंतर घ्या.

स्टेडियमला एकदा तरी जाच, वीकडेला तिकिटं स्वस्त असतात. गाडी नेऊ नका, लिंक लाइट रेलने स्टेडियम स्टेशनला उतरून चालत जा. टी-मोबाइल पार्कला सरकतं छप्पर आहे पण ते छत्रीसारखं, बाजू उघड्या, एप्रिलमधे आतमधेही कुडकुडायला होतं, कानटोपी न्या, आईने दिलेली असेलच. बाहेरचं खाणं आत चालतं, आम्ही पोळीभाजीचे रोल नेतो, पाण्याची सीलबंद प्लास्टिकची बाटली पण चालते, फक्त बॅगेचे नियम वेबसाइटवर आधी वाचा. आत एक स्टॉल आहे तिथे मीठ-मिरची-लिंबू लावून भाजलेले नाकतोडे मिळतात, २०१७ ला आले आणि इतके खपले की एका मॅचला ३१२ प्लेट असं ठरवलं, का ३१२, तर मरिनर्सचा जुना बॅटर एडगर मार्टिनेझचं करिअर ॲव्हरेज .३१२! हा तोच एडगर ज्याच्या १९९५ च्या डबलवर (दोन बेसचा फटका) त्याचा टीममेट ग्रिफी फर्स्टपासून पळत होमला आला आणि न्यूयॉर्कचे यँकीज प्लेऑफमधून घरी गेले, हा किस्सा तुम्हाला कोणीतरी ऐकवणार, पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवा. सातव्या इनिंगच्या मधे सगळे उभे राहून गातात, उभं रहा, शब्द स्क्रीनवर येतात.

सिॲटलचे किस्से फोन उघडून बघाल तेव्हा एवढे दोन आधी बघा: ३० सप्टेंबर २०२२, कॅल रॅलीचा नवव्या इनिंगचा होमरन (आपला सिक्सर) ज्याने २१ वर्षांचा वनवास संपला, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी ह्यूस्टनविरुद्ध १८ इनिंग, सहा तासांच्या वर, १-० हार. रॅली कॅचर आहे आणि त्याने २०२५ ला ६० होमरन मारले, वाकून वाकून गुडघे मोडणारी जागा ती, तिथून ६०.

ऑक्टोबर वेगळा असतो, तिथे वरणभात बंद. तीनाची, पाचाची, मग सातांच्या दोन सिरीज, आणि आता मात्र क्रिकेटसारखं सगळं सोडून बसायचं. २०२५ ला टोरंटोविरुद्ध सातवी मॅच, जिंकलो तर पहिली वर्ल्ड सिरीज, सातव्या इनिंगपर्यंत ३-१ पुढे. मी इथे सोफ्याच्या कडेला, बाबा पुण्यात, तिकडे लक्ष्मीपूजनाचा दिवस, पहाटे साडेपाचच्या पुढे मॅच सुरू झाली, आई फराळाची ताटं भरतेय आणि हे फोन वाटीला टेकवून वही घेऊन बसलेले. टोरंटोच्या स्प्रिंगरने तीन रनचा होमरन मारला, ४-३, संपलं. शेवटची विकेट आपल्या हुलिओची, स्ट्राइकआउट.

विकेट नाही, आउट. सवय जात नाही.

तासाभराने बाबांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शेवटच्या चौकटीत के, सरळ, कारण हुलिओने बॅट फिरवली होती. पानाच्या कडेला चकलीचा अर्धा वेढा आणि त्याखाली पेन्सिलने पुढच्या सीझनच्या सरावाची नोंद, स्प्रिंग ट्रेनिंग फेब्रुवारी.