बहात्तरच्या दुष्काळाचा उतारा आणि चौथीचा मराठीचा तास

दुष्काळ हा विषय वर्गात आला की मुलांच्या वहीत ‘पाणी हेच जीवन’, ‘पाणी वाचवा’ अशी वाक्ये भराभर उतरतात. ही वाक्ये चूक नाहीत, पण ती लिहायला काही वाचावे लागत नाही. भाषा शिकवायची तर मुलाला एका विशिष्ट साली, विशिष्ट ठिकाणी काय घडले हे वाचून त्यातच शोधाशोध करायला लावावी लागते. त्यासाठी १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ उत्तम. उतारा छोटा करता येतो, त्यातले शब्द ठोस आहेत, आणि तो दुष्काळ पाहिलेली माणसे अजून घरोघरी आहेत. चौथीची मुले शिवरायांचा इतिहास शिकतात, म्हणून १६३० ते १६३२ चा दुष्काळही जोडून घ्यावा असे वाटते. या आठवड्यात तो मोह टाळा. एक दुष्काळ, एक उतारा, पाच तासिका.

हा उतारा जसाच्या तसा वापरा. अक्षर मोठे ठेवा, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्या आणि ओळींना क्रमांक द्या. दोन मुलांत एक प्रत पुरते.

१. सन १९७२ मध्ये महाराष्ट्रात फार कमी पाऊस पडला.
२. त्याआधीची दोन वर्षेही पाऊस बेताचाच होता.
३. विहिरींचे तळ दिसू लागले आणि जमिनीला भेगा पडल्या.
४. पेरलेले पीक पावसावाचून करपले.
५. चारा उरला नाही, म्हणून लोकांनी बैल बाजारात विकले.
६. सरकारने गावोगावी दुष्काळी कामे काढली.
७. लोक रस्त्यासाठी खडी फोडत, पाझर तलावाची माती वाहत, नाल्यावर बांध घालत.
८. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख लोक अशा कामांवर होते.
९. कामावर सुकडी नावाचे कोरडे पौष्टिक खाद्य वाटत.
१०. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे.
११. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पोचली.
१२. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच मांडली होती.
१३. १९७७ साली विधिमंडळाने या योजनेचा कायदा केला.

ओळींचे क्रमांक शोभेसाठी नाहीत. पाचही दिवस प्रत्येक उत्तराला ‘कोणत्या ओळीवरून?’ हा प्रश्न जोडायचा आहे. ओळ दाखवता आली नाही, तर ते उत्तर मुलाच्या डोक्यातले आहे, उताऱ्यातले नाही.

पहिला तास वाचनाचा. प्रस्तावना करू नका. फळ्यावर खडी, सुकडी, मिलो एवढे तीनच शब्द लिहा आणि अंदाज विचारा. खडी म्हणजे बाराखडी, असे कुणीतरी म्हणेलच, म्हणू द्या. मग तुम्ही एकदा संथ वाचा, मुले ओळीवर बोट ठेवतील. दुसऱ्यांदा जोडीने, आळीपाळीने एकेक ओळ. अडखळण्याची हमखास जागा म्हणजे साल. ‘एक हजार नऊशे बहात्तर’ असे वाचले तर थांबवून ‘एकोणीसशे बहात्तर’ म्हणायला लावा. साल वाचायची रीत ती आहे. शेवटची पाच मिनिटे बहात्तर, त्र्याहत्तर, सत्त्याहत्तर अक्षरी लिहून घ्या. त्र्या आणि सत्त्या या जोडाक्षरांवर निम्मा वर्ग घसरतो, म्हणून आधी फळ्यावर फोड करून दाखवा.

एक शब्द मात्र त्याच दिवशी नीट उलगडा: पाझर तलाव. मुलांच्या डोळ्यांपुढे घाट बांधलेले तळे येते. पाझर तलावात पाणी अडवतात ते जमिनीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरावे म्हणून. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, तोंडाला जाळीचे फडके बांधा, बाटली उलटी धरून अर्धी वाळू भरा आणि वरून पेलाभर पाणी ओता. खाली थेंब गळू लागले की ‘पाझरणे’ या क्रियापदाचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. बारीक चाळलेली माती घेऊ नका. तिचा चिखल होऊन पाणी वरच तुंबते आणि वीस मिनिटे वाट पाहण्यात जातात.

दुसरा तास शब्दांचा. ‘दुष्काळ’ची फोड करा: दुष् म्हणजे वाईट, काळ म्हणजे वेळ. समोर ‘सुकाळ’ ठेवा. दुर्गम–सुगम, दुर्जन–सुजन, दुष्कर–सुकर अशा जोड्या लावायला द्या. इथे गोंधळ होणारच. मुले ‘दुपार’, ‘दुकान’ आणि उताऱ्यातली ‘सुकडी’सुद्धा यादीत घालतात. चूक खोडू नका, कसोटी द्या: दु किंवा सु काढल्यावर उरलेल्या शब्दाला अर्थ आहे का, आणि त्याला वाईट किंवा चांगले हा अर्थ चिकटला आहे का? ‘दुपार’मधून ‘पार’ उरतो, पण वाईट पार म्हणजे दुपार नव्हे. सुकडीतून ‘कडी’ उरते, चांगली कडी मात्र नाही. हसत हसत नियम पक्का होतो. ‘दुश्काळ’ असे लिहिणाऱ्यांना पोटफोड्या ष दाखवा आणि दुष्कर, दुष्कर्म सोबत लिहून घ्या. एकटा शब्द दहादा गिरवण्यापेक्षा तीन भावंडे एकत्र लक्षात राहतात.

‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीला दहा मिनिटे द्या. ‘संकटात आणखी संकट’ एवढे सांगून सोडले की म्हण पाठ होते, कळत नाही. घरचे कालनिर्णय आणायला सांगा. चांद्र महिन्यांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना येतो. २०२६ मध्ये ज्येष्ठ दोनदा आहे. आता विचारा: घरात बारा महिन्यांपुरते धान्य नाही आणि वर्षच तेरा महिन्यांचे झाले तर? ‘अगोदरच’ हा शब्द वापरून प्रत्येकाने एक प्रसंग लिहावा. ‘अगोदरच उशीर झाला होता, त्यात सायकल पंक्चर झाली’ इतपत जमले की झाले.

तिसरा तास सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाचा, आणि सगळ्यांत कसाचा. दुष्काळाचे शब्द नेमके या नियमात बसणारे आहेत. फळ्यावर दोन रकाने करा: विहीर–विहिरीत, जमीन–जमिनीला, पीक–पिकाला, धूळ–धुळीत, चूल–चुलीवर. शेवटून दुसरे अक्षर दीर्घ, प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व. नियम तुम्ही सांगू नका. पाच जोड्या लिहून झाल्यावर ‘काय बदलले?’ एवढेच विचारा. मुले ‘ला’ लागला, ‘त’ लागला असे सांगतात. वेलांटी आणि उकार त्यांच्या नजरेत येत नाहीत. तेवढी खूण रंगीत खडूने काढली की येतात. मग पाऊस–पावसाला ही जोडी. इथे ऊ चा व होतो. ‘शरीर–शरीराला’ मध्ये री दीर्घच राहते, कारण तो संस्कृतातून तसाच आलेला शब्द. हा अपवाद याच तासाला सांगावा की नाही, हे वर्ग पाहून ठरवा. नियमच डळमळीत असेल तर पुढच्या आठवड्यात. शेवटी ओळी ३, ४ आणि ७ श्रुतलेखनाला घ्या. ‘विहीरींचे’ लिहिणारे किती, ते मोजून ठेवा.

चौथ्या दिवशी कारण आणि परिणाम. आठ कागदी पट्ट्या करा: पाऊस पडला नाही, पीक करपले, चारा उरला नाही, बैल विकले, विहिरी आटल्या, हाताला काम उरले नाही, सरकारने कामे काढली, लोक खडी फोडू लागले. गटात पट्ट्या जुळवून म्हणून, त्यामुळे, कारण यांनी वाक्ये जोडायची. नेहमीची चूक अशी: ‘चारा उरला नाही कारण बैल विकले.’ मुलाला घटना कळलेल्या असतात, शब्द उलटा लागतो. ‘आधी काय झाले?’ असे विचारा आणि दोन पट्ट्यांत बाण काढा. बाणाच्या दिशेने वाचले तर ‘म्हणून’, उलट वाचले तर ‘कारण’.

मग ओळ १२ कडे या. घटना घडल्या त्या क्रमाने लावा, असे सांगितले की बहुतेक मुले उताऱ्याचाच क्रम उतरवतात आणि पागे यांची कल्पना १९७३ नंतर टाकतात. ‘मांडली होती’ मधला ‘होती’ दाखवा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ सालीच या कल्पनेचा प्रयोग झाला होता. म्हणजे ही घटना सगळ्यांच्या वर जाते. क्रियापदाच्या एका शब्दाने इतिहासातली जागा बदलते, हे चौथीतल्या मुलाला इथे स्वच्छ दिसते.

पाचव्या तासाआधी दोन दिवस मुलाखतीचे काम द्या. आजी, आजोबा किंवा शेजारचे कुणी, वय साठच्या पुढचे. परदेशात रविवारची मराठी शाळा असेल तर फोनवरून. प्रश्न वर्गातच घडवून घ्या. मुले ‘तुम्हांला त्रास झाला का?’ असे विचारतात, उत्तर ‘हो’, आणि मुलाखत संपते. ‘का?’ने संपणारा प्रश्न ‘काय, कुठे, किती, कसे’ने बदलायला लावा: पाणी कुठून आणायचा? मिलोची भाकरी कशी लागायची? कुठल्या कामावर जायचा? चार प्रश्न पुरेत. घरात शेतीचे ताजे दुःख असेल त्या मुलाला शेजारच्यांकडे पाठवा आणि वर्गात कारण विचारू नका.

लेखन आठ ते दहा वाक्यांचे. आजीचे एक वाक्य अवतरणचिन्हांत जसेच्या तसे यावे. बाकी मजकूर तृतीयपुरुषी. ‘मी खडी फोडायचे’चे ‘आजी खडी फोडायची’ होते, तेव्हा क्रियापद बदलते. नेमके इथेच वाक्याच्या मध्यात ‘मी’ची ‘आजी’ आणि पुन्हा ‘मी’ होते. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यातला कर्ता अधोरेखित करायला लावा, म्हणजे मूलच चूक पकडते. आजी म्हणाली असेल, “आमी लई लांबनं पानी आनायचो,” तर ते तसेच राहू द्या. अवतरणातली ‘पानी’ लाल शाईने सुधारली की मुलाला कळते, आजीची भाषा चुकीची. आणि पुढच्या वेळी ते आजीच्या तोंडी पुस्तकी वाक्य घालते. अवतरणाबाहेर मात्र ‘पाणी’च हवे.

तपासताना चारच गोष्टी बघा: साल आणि ठिकाण आले का, उताऱ्यातली किमान एक बाब ओळ क्रमांकासह आली का, अवतरणचिन्हे जागेवर आहेत का, विहीर-जमिनीची रूपे बरोबर आहेत का. ‘पाणी वाचवा’ने शेवट केला असेल तर गुण कापू नका, पण शेजारी ‘कोणत्या ओळीवरून?’ एवढे लिहून वही परत द्या.

लवकर आटोपणाऱ्यांसाठी एक जोडकाम ठेवा. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी दुष्काळी लातूरला पोचली. १० वाघिणींत (मालगाडीच्या डब्यांत) सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. एवढीच माहिती द्या आणि बहात्तरच्या उताऱ्याशी तुलना करणारी तीन वाक्ये मागा: एक ‘दोन्ही वेळी’ने सुरू होणारे, एक ‘तेव्हा... आता...’ असे, आणि एक ‘मात्र’ असलेले. ‘मात्र’चे वाक्य सगळ्यांत अवघड जाते; ते जोडीने करू द्या.