इंदुरात पहिला छोटा समुद्री टँक: दिवाळीनंतर लावा आणि पाण्यापासून सुरू करा

इंदुरात समुद्री टँकची हौस बहुतेकांना मे महिन्यात सुचते. मुलांना सुट्ट्या असतात, मुंबईची चक्कर झालेली असते, तिथल्या दुकानात नारिंगी-पांढरे क्लाउनफिश पाहिलेले असतात. नेमका हाच मोसम टाळा. पारा चाळिशीपुढे असताना नवा टँक सांभाळणं जाणकारालाही जड जातं. फराळाचे डबे रिकामे झाले की कामाला लागा. नोव्हेंबर-डिसेंबरात टँकमध्ये जिवाणू रुजतील, जानेवारीत मासे येतील, फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रवाळ. उन्हाळा येईपर्यंत टँक स्थिरावलेला असेल आणि तुमचा हातही बसलेला असेल.

टँक आणि जागा

अगदी छोटा टँक सोपा वाटतो, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. २४ × १५ × १५ इंचांचा, ८ मिलिमीटर काचेचा टँक पहिल्यांदा योग्य. दगड-वाळू गेल्यावर त्यात साधारण ७० लिटर पाणी राहतं आणि एकूण वजन शंभर किलोच्या वर जातं, म्हणून टीव्हीच्या टेबलावर तो ठेवू नका. लेव्हल तपासलेला स्टँड, त्यावर थर्माकोलची शीट, त्यावर टँक. आधी गॅलरीत साधं पाणी भरून दोन दिवस गळती तपासा.

पश्चिमेची खिडकी, स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यापासून टँक लांब हवा. त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन, स्प्रे काही नको; त्यातली कीटकनाशकं झिंग्यांसाठी विष आहेत. तांबं-पितळही पाण्यात जाता कामा नये. सगळ्या वायरी प्लगपर्यंत येण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवंच. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे, इथे काटकसर नको.

पाणी

पहिली खरेदी माशांची नाही, पाण्याच्या यंत्राची. नर्मदेचं पाणी जलूदच्या पंपिंग केंद्राहून इथवर येतं ते क्लोरीन घेऊन, आणि बोरिंगचं पाणी माळव्यात क्षारांनी जड असतं. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, असं सगळेच विचारतात. तसंच्या तसं नाही. चवीसाठी बऱ्याच आरओंमध्ये थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. मेंब्रेनमधून आलेलं पाणी डीआय रेझिनच्या (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांच्या) नळकांड्यातून काढा आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत समाधान मानू नका. त्या पाण्यात सिलिकेट-फॉस्फेट राहिलं, तर पुढे महिनोन् महिने शेवाळ खरवडत बसाल. आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला कामाला येतं. एक दिवसाआड नळ येणाऱ्या वस्तीत ते सांडून देणं बरं नाही.

मीठ फक्त रीफसाठी, म्हणजे प्रवाळांच्या टँकसाठी बनवलेलं घ्या. स्वयंपाकाचं किंवा सैंधव मीठ चालत नाही, कारण प्रवाळाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी (आम्लाला तोंड देण्याची पाण्याची ताकद) त्यात योग्य प्रमाणात नसते. किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा बेतही सोडा, मोठ्या शहरालगतच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगायला नको. ७० लिटरला साधारण अडीच ते पावणेतीन किलो मीठ लागतं. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये आधी पाणी घ्या, छोटा पंप चालू करा, मग मीठ थोडं थोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम साका होऊन तळाला बसतं. क्षारता, म्हणजे हजार भागांत मिठाचे भाग, ३५ हवी; ती मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या साध्या पाण्याने नाही.

दगड, वाळू, यंत्रं

सहा-सात किलो सच्छिद्र कोरडा दगड आणि इंचभर थराला पुरेल इतकी, कॅल्शियम कार्बोनेटची अ‍ॅरागोनाइट वाळू घ्या. नर्मदेची वाळू फुकट मिळेल, गोटेही सुरेख असतात, पण ते टँकमध्ये नकोत. अ‍ॅरागोनाइटसारखा त्यांचा पाण्याला काही उपयोग नाही आणि लोहकण मिसळलेले असू शकतात. दगड सिमेंटच्या भिंतीसारखे न रचता गुहा आणि कमानी राहतील असे रचा, मागच्या काचेपासून चार बोटं सोडून.

तासाला हजार ते दीड हजार लिटर पाणी फिरवणारा एक वेव्हमेकर, मागे लटकवायचा एक फिल्टर, टायमर लावलेला रीफ एलईडी आणि १०० वॉटचा हीटर एवढ्यावर भागतं. इंदुरात हीटर कशाला, असं वाटेल. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि टँकला २५–२६ अंश सतत हवेत. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) या आकाराला नसला तरी चालतो. वेव्हमेकर मात्र घरच्या इन्व्हर्टरवर जोडा. वीज गेल्यावर टँक आधी ऑक्सिजनअभावी संकटात येतो, दिव्याअभावी नाही.

कंटाळवाणे चार ते सहा आठवडे

पाणी, दगड, वाळू तयार झाली की मासे आणायचे नाहीत. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर वसायला वेळ लागतो. बाटलीबंद जिवाणू सोडा आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) चढेल इतकं शुद्ध अमोनियम क्लोराइड घाला. ७० लिटरला ते अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी लागतं, तेव्हा नाजूक वजनकाटा हवा. किराणा दुकानातला नवसागर हे तेच रसायन, पण शुद्धतेची हमी नाही म्हणून नको. दिवा या काळात बंदच ठेवा. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की पाण्याचा मोठा भाग बदला. टेस्ट किट न घेता 'पाणी स्वच्छ दिसतंय' म्हणून मासे आणणाऱ्यांचेच मासे पहिल्या आठवड्यात मरतात.

दिवे लावल्यावर तपकिरी थर येईल. ती डायटम शेवाळं आहेत, घाबरून औषध घालू नका. शेवाळ खाणाऱ्या चार-सहा समुद्री गोगलगायी आणा.

मासे

ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, तीही प्रजनन केंद्रात वाढवलेली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलेलं आहे, तेव्हा प्रवाळभित्तीवरून पकडलेला मासा मागायची गरज नाही. महिन्याभराने एखादा छोटा गोबी मासा किंवा झिंगा. निळा टँग मात्र मुलांनी कितीही हट्ट धरला तरी नाही, तो फूटभर वाढतो. समुद्रफूल (अॅनिमोन) पहिल्या वर्षी नको. क्लाउनफिशला टँकमध्ये त्याची गरज नसते.

मुंबईहून रात्रभराच्या प्रवासाने मासे आणलेत तर एक गोष्ट सांभाळा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे तिथला अमोनिया फारसा घातक राहत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. दुकानदाराला क्षारता आधी विचारा, घरी वेगळ्या छोट्या टँकमध्ये तेवढ्याच क्षारतेचं पाणी तयार ठेवा, बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मासे लगेच जाळीने हलवा. तिथे चार आठवडे पाळत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसला तर तांब्याचं औषध तिथेच द्यायचं, मुख्य टँकमध्ये कधीही नाही.

प्रवाळ आणि कायदा

दुकानदार 'सब चलता है साहब' म्हणेल. चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही आहेत. मन्नार, कच्छ किंवा लक्षद्वीपचा दगड-प्रवाळ कोणी स्वस्तात देत असेल, तर तो घेणं गुन्हा आहे. नवख्याला कठीण प्रवाळ तसाही झेपत नाही.

मऊ प्रवाळांत मशरूम, झोअँथिड, लेदर हे टिकाऊ आहेत. परवानगीने आयात झालेले किंवा इथेच तुकड्यांपासून वाढवलेले, बिलासकट घ्या. मशरूम खाली मंद उजेडात, लेदर जरा वर. दिवा ३० टक्क्यांवर सुरू करून दर आठवड्याला थोडा वाढवा, रोज आठ तास. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, वाफेतूनही माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. हे पुढे कोणी टँक विकत घेतला तर त्यालाही सांगा.

रोजचं आणि उन्हाळ्याचं

रोज चिमूटभर खाद्य, दर आठवड्याला सात लिटर पाण्याची अदलाबदल. एवढ्यावर मऊ प्रवाळांचं कॅल्शियम भागतं, बाटल्यांतली महागडी द्रावणं लागत नाहीत. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) पाहून आल्यावर रंगाचे हात टँकमध्ये जाणार नाहीत, एवढं घरात बजावून ठेवा.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून घटलेलं पाणी रोज साध्या डीआय पाण्यानेच भरायचं, खाऱ्या पाण्याने नाही. मेमध्ये रोज लिटरभर उडालं आणि आठवडाभर कोणी पाहिलं नाही, तर क्षारता ३५ वरून ३९ च्या आसपास जाते. तरी इंदूरची कोरडी हवा इथे मदतीला येते: पाण्यावर तिरके लावलेले दोन छोटे पंखे तापमान दोन-तीन अंश उतरवतात. त्यासाठी वर काचेचं झाकण नको, मासे उडी मारू नयेत म्हणून बारीक जाळी पुरे. पाऊस लागला की दमट हवेत पंख्यांचा जोर कमी होतो, पण तोवर बाहेरचा उकाडाही उतरलेला असतो. पंखे लावूनही पाणी २९ च्या वर राहत असेल तर चिलर घ्या किंवा त्या खोलीत एसी लावा.

गावाला जाताना काचेवर पाण्याच्या पातळीला टेपची रेघ लावा. डीआयच्या बाटल्या भरून ठेवा, खाद्य एकेका दिवसाच्या पुड्यांत बांधा, उरलेला डबा कपाटात बंद करा. शेजारच्या काकूंना सांगा: रेघेपर्यंत पाणी, दिवसाआड एक पुडी, बाकी काहीही नाही, मासे कितीही भुकेले दिसले तरी.